टेम्पोतली कुसुम

दादा,

तुमचा दुधाचा टेम्पो सध्या वहिनींचे भाऊ चालवतात. चांगले चालवतात, म्हणजे खड्ड्याच्या आधी ब्रेक मारतात. तुमच्यासारखं खड्ड्यात गेल्यावर नाही. पहाटे खाली फाटकापाशी इंजिन घुरघुरलं की माझी रेवा झोपेतच उठून बसते, "मामा" म्हणते आणि मी थोपटलं की पुन्हा आडवी होते. मला मात्र मग झोप येत नाही. खिडकीशी बसून धुक्यात टेम्पोचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहते आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलते. तेच आज कागदावर उतरवतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढं लिव्हन्यापरीस च्या टाका की ताई." चहा टाकलाय. आता ऐका.

तुम्ही गेल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "तुमचे कोन हुते?" घरमालक म्हणावं तर माझीच जीभ अडखळते. भाऊ म्हणावं तर लोक आधी माझ्या देवरुखी बोलण्याकडे बघतात, मग तुमच्या दारावरच्या पाटीकडे. आणि मला स्वतःलाही नीट उत्तर ठाऊक नाही, खरं सांगते. त्या पहिल्या पहाटे तुम्ही मला कुसुम म्हणालात, तेव्हा मला बहीण केलंत, की रिकाम्या जागेवर नुसतं आणून बसवलंत? दोन वर्षं हे विचारायचं राहून गेलं. बाकी सगळ्यावर भांडले तुमच्याशी, आणि नेमकं हेच राहिलं.

माझ्या नवऱ्याची, समीरची, बँकेतून तिसगावला बदली झाली तेव्हा भादवा सरत आला होता. रेवा आठ महिन्यांची. मी नकाशात तिसगाव शोधलं आणि आईला फोनवर म्हटलं, "समुद्र सोडच, इथे नदीसुद्धा पावसाळ्यात तेवढी विचारपूस करायला यायची." तुमच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. पाणी दिवसाआड, समोर बाजारतळ, आणि गच्चीवरून दिसणारे ते निळसर डोंगर. आमच्याकडे डोंगर अंगावर येतात. इथले लांब बसून असतात, पाहुणे आल्यावर घरातली वडीलधारी माणसं बसतात तसे. मला आठवडाभर फक्त रडू येत होतं. रेवाला तर दिवसरात्र.

ती झोपायची नाही. पाळणा, झोळी, खांदा, सगळं झालं. एका पहाटे ती रडून रडून निळी पडायला आली आणि तुम्ही जिना चढून आलात. दाराबाहेरच उभे राहिलात, मान खाली घालून.

"मॅडम, लेकराला काय दुखतंय का?"

"नाही हो. झोप येतेय आणि झोपायचं नाहीये."

"मग द्या हिकडं. टेम्पोत झोपंल."

मी म्हटलं, ती काय दुधाचा कॅन आहे? मागून वहिनींचा आवाज आला, "अवो, माज्या भावाचा थोरला तसाच झोपायचा. जावा तुमीबी संगं." आणि मी गेले. गाऊनवर ओढणी घेतलेली, पायात समीरच्या चपला. नवीन गावात बाईने असं बाहेर पडू नये एवढी अक्कल मला होती, पण झोपेपुढे अक्कल काय करणार.

ती पहाट मी आता कितीदा तरी पुन्हा जगून बघितलीय. रस्त्यावर धुकं इतकं खाली उतरलेलं की दिव्यांचा उजेड चार पावलांवर जाऊन थांबायचा. मागे रिकामे कॅन एकमेकांना हळूच टकटक करत होते. बाजरी कापायला आलेली, तिचा ओला गोडसर वास काचेच्या फटीतून आत येत होता. मधेच एखादं बाभळीचं झाड धुक्यातून वर यायचं, आपल्याकडे बघायचं आणि मागे जायचं. रेवाचं रडणं आधी हुंदक्यांवर आलं, मग इंजिनाच्या तालात मिसळलं, मग थांबलं. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "झोपली. आता तुमीबी झोपा. वस्ती आली की उठवतो." मी मान मागे टेकली आणि कित्येक आठवड्यांनी झोपले. जाग आली तेव्हा धुकं सोनेरी झालं होतं, टेम्पो एका कुडाच्या घरापुढे उभा होता आणि काचेला नाक लावून एक म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"ही कोन रं भानुदास?" गऊआजींनी विचारलं.

आणि तुम्ही, किटलीतलं दूध मापात ओतता ओतता, डोळेही वर न करता म्हणालात, "बहीन हाय माझी. कुसुम."

मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी ते मिटलं. मी तोंड मिटण्याचे प्रसंग फार नाहीत, त्यामुळे तो लक्षात आहे.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, मी कुसुम कधी झाले? तुम्ही म्हणालात, "मग काय सांगू? पहाटंच्या पारी तरनी बाई टेम्पोत, अन् मी म्हनू भाडेकरू हाय? उद्याच्याला साऱ्या वस्त्यांवर गाजावाजा." ते पटलं. "पण नाव तरी माझं सांगायचं. मधुरा म्हणायला काय झालं होतं?" यावर तुम्ही हॉर्न वाजवलात. समोर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उत्तर द्यायचं नसलं की तुम्ही हॉर्न वाजवता, हे मला पुढे कळलं.

घरी येऊन मी वहिनींना हसत हसत सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात तिथेच थांबला.

"कुसुम म्हनले? सोताच्या तोंडानं?"

तेव्हा मला कळलं की कुसुम खरी आहे. तुमची पाठची बहीण. जामखेडकडच्या तुमच्या मूळ गावी वडिलांची जमीन नावावर करायची वेळ आली, तेव्हा सगळ्या बहिणी करतात तशी तिने हक्कसोड करून द्यावी असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिने सही केली नाही. माझा हिस्सा मला हवा म्हणाली. तुम्ही हिस्सा दिलात, मोजून दिलात, आणि वर सांगितलंत की आता माहेर संपलं. मग गावच सोडून तुम्ही तिसगावला आलात, टेम्पो घेतलात, घर बांधलंत. त्या घराला तिचा पाय लागला नव्हता. वहिनी म्हणाल्या, तिचं नाव घरात कुणी काढलं की हे ताटावरून उठायचे.

आणि त्या दिवसापासून तुम्ही ते नाव रोज घ्यायला लागलात.

ती आश्विनातली सकाळ-सकाळची भटकंती! समीरला सुट्टी असली की तो मागे कॅनांच्या मधे बसायचा, केसात बाजरीचा भुसा घेऊन घरी यायचा. एका वळणावर झेंडूचं शेत होतं, तिथे धुकंसुद्धा पिवळं दिसायचं. तुम्ही मुद्दाम टेम्पो हळू करायचात आणि रेवाला म्हणायचात, "बघ गं, उजाडलं हितनंच." रेवाला पहिला दात टेम्पोत आला. म्हणजे आला असेल आधीच, पण तिने तुमच्या बोटाला चावून तो तिथे जाहीर केला. तुम्ही पुढच्या प्रत्येक वस्तीवर बोट दाखवत फिरलात. बायका हसायच्या आणि माझ्या ओंजळीत काहीतरी टाकायच्या. शेंगा, दोडके, एखादं ओलं कणीस. "माहेराला आलीस, रिकामी नको जाऊ." एकीने तर खण-नारळाने माझी ओटी भरली, गाऊनवर! तेव्हापासून मी पहाटे साडी नेसायला लागले. माझ्या सासूबाईंना जे सहा वर्षांत जमलं नाही, ते तुमच्या वस्त्यांनी चार दिवसांत केलं.

तिचा पहिला शब्द आई नव्हता आणि बाबाही नव्हता. तिचा पहिला शब्द होता "फॅट". डेअरीवर रोज तेच ऐकायची ना, फॅट किती लागली म्हणून. समीर दोन दिवस तोंड पाडून फिरत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "साहेब, धंद्याची पोर हाय, बँकेत नका घालू."

आणि पहिलं पाऊल गऊआजींच्या खळ्यावर. दसरा होऊन गेला होता. वस्तीवरली माणसं ऊसतोडीला निघून गेलेली, घरांना कुलपं, दारात एखादी शेळी नाही. फक्त गऊआजी, त्यांची एक गाय आणि सारवलेलं मोकळं खळं. तुम्ही तिथे रोज गरजेपेक्षा जास्त थांबायचात. आजींना बोलायला कुणी नसतं म्हणून, असं तुम्ही सांगायचात. मी टेम्पोतच पेंगत बसायची, तुमच्या दोघांची कुजबुज कानावर यायची आणि जायची. त्या दिवशी तुम्ही रेवाला खळ्याच्या मधोमध उभं केलंत आणि मागे सरकलात. ऊन नुकतं आलं होतं. तिची सावली तिच्यापेक्षा कितीतरी लांब पडली होती आणि ती त्या सावलीलाच धरायला निघाली. एक पाऊल, दुसरं, मग धपकन बसली. मी टेम्पोतून धावत आले तोवर तुम्ही डोळे पुसत होतात आणि आजी तुम्हाला रागावत होत्या, "रडतूस कशापायी, चालली न्हवं!"

"आमची कुसुमबी अशीच सावलीमागं जायची," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे बघून सावरून घेतलंत, "म्हंजी ही. ही अशीच जायची."

हे तुमचं नेहमीचं झालं होतं. वस्तीवस्तीवर तुम्ही माझं बालपण सांगायचात. मी म्हणे बोरांसाठी शाळा बुडवायची. मी म्हणे पाटी फोडली आणि मार तुम्ही खाल्लात. माझ्या लग्नात मी म्हणे रडलेच नाही, आणि तुम्ही मांडवामागे जाऊन रडलात. मी खिडकीशी बसून मान हलवायची. हळूहळू मला ती बोरं आठवायलासुद्धा लागली होती, दादा. चव आठवायची. अर्धवट झोपेत मला देवरुखचं अंगण दिसेनासं व्हायचं आणि कुठल्यातरी माळावर एक मुलगा पुढे पळताना दिसायचा. मी एकुलती एक. मला कुणी असं आठवून ठेवलेलं नाही. म्हणून राग यायचा आणि हवंहवंसंही वाटायचं.

पहिल्या भाऊबीजेला मी तुम्हाला ओवाळलं. वहिनींनी पाट मांडला, तुम्ही नवी टोपी घातलीत. ताटात ओवाळणी टाकलीत, हिरवी साडी दिलीत, आणि त्याच क्षणी दाराकडे बघितलंत. कुणी आलं नव्हतं. ते बघणं मला टोचलं, अजूनही टोचतं.

मग जावळ. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, मामाच्या मांडीवरच काढायचं. मी म्हटलं, माझ्या मुलीला मामा नाही, खुर्चीवर बसवू. हे तुम्ही खालून ऐकलंत. न्हावी आला तेव्हा तुम्ही आधीच पाटावर मांडी घालून तयार, शर्टाला इस्त्री! "मामा हाजीर हाय." रेवाने आकाशपाताळ एक केलं. तेव्हा तुम्ही तोंडाने टेम्पोचा आवाज काढायला लागलात, पहिला गिअर, दुसरा, मग चढण. ती गप्प झाली. तिचे ते मऊ, तपकिरी केस तुमच्या मांडीवर पडत राहिले आणि तुम्ही चढणीचा घाट काही संपू दिला नाहीत.

त्याच संध्याकाळी मी विषय काढला. आपली भांडणं तशी रोजची, पाण्यावरून, मिरचीवरून, रेवाला चहा पाजण्यावरून. पण हे खरं भांडण.

मी म्हटलं, "दादा, आज या मांडीवर बसायचा मान माझ्या रेवाला फुकट मिळाला. तो कुसुमताईंच्या मुलांचा होता. त्यांना फोन करा."

"तिनं मागितलं. देऊन टाकलं. फिटलं."

"तिचा हक्क होता तो."

"हक्क हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर मागायची काय गरज हुती? मी दिलाच असता."

"न मागता किती भावांनी दिलाय, दादा? एक नाव सांगा."

टेम्पो अंगणात उभा होता, नाहीतर तुम्ही हॉर्न वाजवला असतात. तुम्ही उठून मिरचीला पाणी घालायला गेलात. भर संध्याकाळी, आदल्याच दिवशी पाणी घातलेल्या मिरचीला. तेव्हापासून हे भांडण आपल्या टेम्पोत चौथ्या माणसासारखं बसलेलं असायचं. यंदा गणपतीत तर मी सरळ सांगून टाकलं, "या भाऊबीजेला मी ओवाळणार नाही. आधी त्यांना बोलवा, मग मी. मला कुणाच्या जागेवर बसायचं नाहीये." तुम्ही गिअर बदललात. मग म्हणालात, "बघू."

मी आजही म्हणते, माझं बरोबर होतं. तुम्ही नाहीत म्हणून मी माघार घेणार नाही. फक्त ते "बघू" कुठल्या अर्थाचं होतं, ते कळायला हवं होतं.

मग आश्विनातल्या त्या पहाटे इंजिन सुरू झालं आणि टेम्पो हललाच नाही. मी वरून ऐकत होते. थंडी नाही काही नाही, इंजिन कसलं तापवताय? रेवा त्या आवाजात गाढ झोपलेली. मी खिडकीतून ओरडले, "दादा, डिझेल काय फुकट मिळतं?" नेहमीसारखा हॉर्न येईल म्हणून थांबले. आला नाही. वहिनी चहा घेऊन बाहेर गेल्या आणि मग त्यांची हाक आली. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. तुमचा हात स्टिअरिंगवर होता आणि समीरने तो सोडवून घेतला, एवढं आठवतं. टेम्पो बंद केल्याबरोबर वर रेवा जागी झाली.

कुसुमताईंना वहिनींनी फोन केला. नंबर त्यांच्याकडे होता. दर गौरीला त्या दोघी तुमच्या नकळत बोलत होत्या, हे तुम्हाला आता कळायला हरकत नाही. त्या दुपारी आल्या. उंच, सुकलेल्या, नाक तुमचं. रडल्या नाहीत. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नंतर कोपऱ्यात जाऊन बसल्या, परक्या घरात बसावं तशा. खरंच ते घर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमाला सुतक न्हाई हो. तुमी वर दिवाबत्ती करा, सैपाक करा." चांगल्या मनाने म्हणाल्या. मी वर गेले, दिवा लावला आणि मोठमोठ्याने रडले. जिने तुम्हाला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं तिला तुमचं सुतक होतं, आणि मला नव्हतं.

मग ते झालं. दोन-तीन दिवसांनी वस्त्यांवरच्या बायका जीप करून तुमच्या घरी भेटायला आल्या. अंगणात आल्या आणि वहिनींना भेटून सरळ माझ्याकडे वळल्या. एकीने मला मिठी मारून हंबरडा फोडला, "कुसुमे, दादा गेला गं तुझा!" दुसरीने माझं डोकं छातीशी धरलं. "येवढा जीव लावायचा तुला. रोज उठता-बसता कुसुम, कुसुम." मी लाकडासारखी उभी. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. आणि कोपऱ्यातून कुसुमताई माझ्याकडे बघत होत्या.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. कुसुमताईंनी हात किंचित वर करून मला थांबवलं. त्या बहीण-भावांची ती एकच नजर, दादा. मी ते पुन्हा मिटलं. त्या बायका माझे डोळे पुसत राहिल्या, आणि तुमची सख्खी बहीण उठून त्यांना पाणी देत फिरली.

बायका गेल्यावर त्या जिना चढून वर आल्या. मला वाटलं आता ही बाई मला धुऊन काढणार, आणि तो तिचा हक्क होता.

"कवापासनं हायस तू कुसुम?"

मी सगळं सांगितलं. गाऊनपासून. माझं नाव मधुरा, देवरुखची, भाडेकरू. गऊआजी, ओटी, खळं, जावळ. आपलं भांडणसुद्धा. त्या झोपलेल्या रेवाकडे बघत ऐकत होत्या.

"काय काय सांगायचा माजं?"

"बोरांसाठी तुम्ही शाळा बुडवायचात म्हणायचे."

"बोरं त्यानंच खाल्ली. मी राखन बसायची."

आणि त्या हसल्या, आणि हसता हसता पहिल्यांदा रडल्या. मी जवळ गेले नाही. ते त्यांचं होतं. मग नाक पुसून म्हणाल्या, "मला त्या गऊआजीकडं न्हे. दादा माज्याबद्दल आनि काय बोलला, मला ऐकायचंय."

"मी आजींना सांगते, खऱ्या कुसुम तुम्ही म्हणून."

"नगं. मी कुसुम हाय म्हनलं तर म्हातारी तोंडदेखलं गोड बोलंल. तूच ऱ्हा कुसुम."

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वहिनींचे भाऊ गाडीवर, मी मधे, कुसुमताई खिडकीशी आणि त्यांच्या मांडीवर रेवा. रेवाने थोडा वेळ त्यांच्या नाकाकडे निरखून बघितलं, हात लावला, आणि झोपून गेली. धुकं यंदाही तसंच खाली उतरलेलं होतं. बाजरीचा वास तसाच. मागे कॅन टकटक करत होते. झेंडूच्या वळणावर गाडी हळू करा असं मी सांगणार होते, पण वहिनींच्या भावांनी आपणच हळू केली. तुम्ही त्यांना कधीतरी नेलं असेल. कुसुमताईंनी काच खाली घेतली आणि हात बाहेर धरला. त्यांची बांगडी दवाने ओली झाली. मला वाटलं आपण सगळे तुमच्याच एखाद्या झोपेत शिरलोय आणि कुणी मोठ्याने बोललं तर तुम्हाला जाग येईल.

गऊआजी दारातच बसलेल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तुमच्याकडे येता आलं नव्हतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मग डोळे बारीक करून मागे बघितलं.

"ह्या कोन?"

मी काही बोलायच्या आत कुसुमताई म्हणाल्या, "मी मधुरा. दादांच्या वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हाते."

"बस बाई," आजी म्हणाल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात आता धार होती. "कुसुमे, आज इचारतेच. काय म्हून रुसली हुतीस गं त्याच्यावर?"

त्यांनी माझा हात पुन्हा पकडला. आजी बोलत होत्या.

"तू त्या टेम्पोत पेंगायचीस अन् तो हितं बसून मला सांगायचा. म्हनायचा, आजी, बहीन रुसलीय. अन् चूक तिची न्हाई. हिस्सा तिचाच हुता, तिनं मागितला, त्यात काय वंगाळ केलं? म्याच आडमुठा. म्याच दार लावलं तिला. आता उघडाया गेलं तर हात रेटत न्हाई. मी म्हनायची, अरं येड्या, रुसलीय तर रोज तुज्या शेजारी कशी बसती? तर गप बसायचा."

कुसुमताई खाली मातीकडे बघत होत्या. रेवाचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्यांचा हात तिच्या पाठीवर थांबला होता.

"शेवटच्या येळंला आला तवा म्हनला, आजी, ह्या भाऊबीजंला म्याच जाऊन येतो तिच्या दारात. मी म्हनलं, कुठं जातूस बाबा, बहीन तर तुज्या टेम्पोत बसलीया. तर हसला नुसता." आजींनी माझा हात हलवला. "मग? बोल की. मिटलं का न्हाई तुमचं?"

मी कुसुमताईंकडे बघितलं. त्यांनी रेवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आजींच्या अगदी समोर येऊन बसल्या.

"मिटलं, आजी."

"तू भाडेकरू. तुला गं काय म्हाईत?"

"त्याच घरात ऱ्हाते की मी," कुसुमताई म्हणाल्या. "समदं ऐकू येतं."